चौथ्या वळणावरचे पटेल मामू

“डॉक्टरबाई, चपला काढा,” हे पटेल मामू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

वाळूजच्या माळावर तेव्हा कारखाने यायचे होते. रस्ते मात्र आधीच येऊन पडले होते. रुंद, काळेभोर, काटकोनात वळणारे. दोन्ही बाजूंना नंबर घातलेले दगड आणि दिवे न बसवलेले खांब. त्यांच्यावरून कोणी जात नव्हतं, कारण ते कुठंच जात नव्हते. शहरातल्या एका मोटारसायकल क्लबनं खटपट करून त्यातल्या चार रस्त्यांचा चौकोन महिन्यातल्या एका शनिवार-रविवारपुरता मागून घेतला होता. शनिवारी सराव, रविवारी शर्यत. क्लबचे सेक्रेटरी ललितशेठ आमच्याच भागातले, शहरातल्या छावणीतले, स्पेअर पार्टचे दुकानदार. परवानगीच्या कागदात ‘डॉक्टर हजर राहील’ असं एक कलम होतं आणि माझा दवाखाना त्यांच्या दुकानासमोर होता, एवढ्यावर माझी नेमणूक झाली. मोटारसायकलीतलं मला काहीही कळत नव्हतं. मला साधी सायकलसुद्धा धड येत नव्हती.

पहिल्या शनिवारी सकाळी साडेसहाला मी तिथं पोचले, तर पांढरा पायजमा, खाकी शर्ट आणि खांद्यावर टॉवेल असा एक उंच, वाळका माणूस हातात स्वतःच्या चपला घेऊन रस्त्यानं चालत येत होता. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. गळपट्टीचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलं असणार, एवढं मला लांबूनच कळलं.

“चपला कशाला काढायच्या?” मी विचारलं.

“हितं पडल्यालं तुमी उचलनार ना? मंग कशावर पडत्यात ते ठावं पायजे.”

मी चपला काढल्या. चौकोनाची एक फेरी म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास. ते पुढं, मी मागं. तिसऱ्या वळणाच्या आत माझ्या तळव्यांना काहीतरी टोचलं. वाळू होती, पिठासारखी बारीक, काळ्या रस्त्यावर अजिबात न दिसणारी. मामू थांबले होतेच. मी काय बोलते याची वाट बघत होते.

“इथं वाळू आहे,” मी म्हणाले.

“डोळ्याला दिसली?”

“नाही.”

“त्या पोरांनाबी नाय दिसत,” ते म्हणाले आणि दोन माणसांना हाक मारून तेवढा तुकडा झाडून, धुऊन घेतला. मग उकिडवं बसून पुन्हा हाताच्या तळव्यानं तो चाचपला.

त्यांचं नाव इस्माईल पटेल. गाव देवगाव रंगारी. घरची जमीन, जनावरं, थोरले भाऊ शेती बघायचे. मामू पाच-सहा वर्षांचे असताना पोलीस ॲक्शन झाली. त्या धामधुमीत वडील सगळ्यांना घेऊन काही महिने आजोळी जाऊन राहिले आणि परत आले तेव्हा गावच्या चावडीमागं निजामाच्या कुठल्याशा अंमलदाराची मोटारसायकल बेवारस पडलेली होती. चाकांत हवा नाही, टाकीत थेंब नाही. “त्या गाडीवर मी दोन वर्सं बसलो,” मामू सांगायचे. “एक फूटबी हालली नाय. पर मी लई लांब जाऊन आलो.” पुढं इंजिनकाम शिकायला शहरात आले ते इथंच राहिले. छावणीच्या टोकाला पत्र्याची एक शेड, तीत एकट्याचं गॅरेज आणि मागच्या खोलीत एकट्याचं बिऱ्हाड. तरुणपणी ते स्वतः शर्यतींत उतरत. पुण्याला, कोल्हापूरला, मद्रासकडंही जाऊन आले होते. मग एकदम सोडलं. का सोडलं ते क्लबात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मी त्यांना पाहिलं तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास असतील आणि सरावाचा झेंडा त्यांच्या हातात होता. शर्यतीच्या दिवशी झेंडेवाले बरेच असत, पाहुणे असत, मांडव असे, लाउडस्पीकर असे. सरावाच्या दिवशी मामूच. चौथ्या वळणावर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ते उभे राहायचे. तिथून तिसऱ्या वळणातून निघणारी गाडीही दिसते आणि सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक लावणारीही.

वळणांवर बाहेरच्या अंगाला ते कडब्याच्या पेंढ्या रचायचे. शुक्रवारी दुपारी देवगावहून भावाचा ट्रॅक्टर यायचा, रविवारी संध्याकाळी तोच कडबा परत गोठ्यात जायचा. एकदा मला म्हणाले, “आमचे बैल आता वासावरनं वळखत्यात, कोन पडलं ते.” हसले नाहीत. हसण्यासारखं बोलून स्वतः न हसणं ही त्यांची रीतच होती.

सरावाला उतरायच्या आधी प्रत्येकानं त्यांच्यापुढं थांबायचं. आधी हनुवटीखालच्या पट्ट्यात अंगठा घालून हेल्मेट ओढून बघायचे. मग तीन प्रश्न. जेवलास का? झोपलास का? घरी कोनाशी भांडून आलास का? विचारताना ते उत्तराकडं लक्ष देत नसत, माणसाच्या डोळ्यांकडं बघत. बँकेत नोकरी करणाऱ्या एका भल्या गृहस्थाला त्यांनी रांगेतूनच परत पाठवलं होतं. त्याची बायको त्या सकाळी बाळंतपणाला घाटीत, सरकारी इस्पितळात, दाखल झाली होती. “गाडी हितं हाय, तू तिथं हायस. दोघं एका जागी या, मंग बघू.” तो गृहस्थ चिडला, पण गेला, आणि संध्याकाळी पेढे घेऊन आला. मामूंनी पेढा घेतला, कागदात बांधून खिशात ठेवला.

सगळेच असे पेढे घेऊन येत नसत. आखातात असलेल्या भावानं एका तरुणाला परदेशी हेल्मेट पाठवलं होतं. लाल, चकचकीत, आमच्याकडं कोणी तसं पाहिलेलं नव्हतं. तो दुसऱ्या वळणावर घसरला, कडब्यात जाऊन पडला, उठून कपडे झटकत हसत आला. मी त्याला तपासलं, कोपर खरचटण्यापलीकडं काही नव्हतं. हेल्मेटवर नखभर चरा. मामूंनी ते त्याच्याकडून मागून घेतलं, निरखलं, रस्त्यावर पालथं ठेवलं आणि पाहता पाहता हातोडीनं फोडलं. तीन घाव घातले.

तो तरुण रडायच्या बेतात आला. “मामू, काहीच झालं नव्हतं त्याला!”

“व्हय. वरनं नाय झालं.” त्यांनी फुटलेला एक तुकडा उचलून त्याला आतली बाजू दाखवली. आतल्या पांढऱ्या थराला केसाएवढी चीर गेली होती, ती हातोडीची वाटत नव्हती. टोकाकडं धूळ शिरली होती. “त्यानं एकदा तुझं डोकं वाचवलं. दुसऱ्यांदा नसतं वाचवलं. आन् ते फेकून द्यायला तुझा हात झाला नसता.”

हे खरं होतं की नाही, चीर घसरण्याची होती की हातोडीची, यावर क्लबात पुढं महिनाभर वाद चालला. त्या तरुणानं मामूंशी बोलणं टाकलं. मामूंना हे सवयीचं असावं. सरावानंतर सगळे ललितशेठच्या गाडीभोवती चहा घेत, फेऱ्यांच्या वेळा एकमेकांना सांगत, आणि मामू लांब टाकीपाशी एकटे बसून झेंड्यांची घडी घालत असायचे. मीच कधी चहा घेऊन तिकडं गेले तर ते उठून उभे राहायचे. त्यांना कोणी आपल्याकडं चालत येईल याची सवय नव्हती.

“सरावाला नंबर नसतो,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल. कोणी धापा टाकत येऊन “मामू, माझा टाइम काय आला?” म्हणून विचारलं की ते हेच म्हणायचे. पण नंबर होता, सगळ्यांना ठाऊक होतं. सरावातल्या वेळेवरच रविवारी कोण पुढं उभा राहणार ते ठरायचं. दुकानदार, गाड्या देणारे, टायर देणारे, सगळे शनिवारीच येऊन कडेला उभे राहायचे, कारण शनिवारी माणूस नीट पारखता येतो. शर्यतीत पडला तर निदान शर्यतीत पडला म्हणतात. सरावात पडणाऱ्याच्या वाट्याला तेवढंही नाही.

त्यांनी का सोडलं ते मला असंच, डॉक्टर म्हणून कळलं. छावणीतल्याच एका गल्लीतून बोलावणं आलं. पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. शुक्रवार होता. घरात गेले तर पलंगावर एक चाळिशीतला माणूस, डोळे उघडे पण कुठंच न लागलेले, आणि त्याच्या गालाला साबण लावून वस्तऱ्यानं हळूहळू दाढी करत बसलेले पटेल मामू.

“ये अन्वर है, मेरा भाई,” माणसाची बहीण म्हणाली. “इस्माईलभाई हर जुम्मे को आते. नहलाना, दाढी, कपडे, उनोच करते सब. हमारे हातां से अन्वर करने कू नै देता.”

मी जखमा धुतल्या, मलम लावलं. बाहेर पडल्यावर मामू दवाखान्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. मी काही विचारलं नव्हतं.

“मद्रासकडं एक जुनी धावपट्टी होती, इमानाची,” ते म्हणाले. “तिथं शर्यती व्हायच्या. आमी दोघं गेल्तो. गाड्या सारख्या, हातबी सारखा. सरावाला मी त्याच्या पुढं काढली आन् मागं वळून बघितलं. आन् हे असं केलं.” त्यांनी तर्जनी वाकवून ‘ये’ अशी खूण केली. “एक बोट, डॉक्टरबाई. हसत केलं. तो आला. माझ्या मागं, माझ्याच चालीनं. पर त्याचं टायर गार होतं, माझं तापल्यालं. पुढच्या वळणाला गेला. रेल्वेनं आनला त्याला मी. दोन दिवस मांडीवर डोकं घेऊन. त्या फेरीला ना नंबर होता, ना कोनी बघत होतं.”

दवाखाना आला होता. ते पायरीशी थांबले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि “सोमवारी जखमा बघायला या,” म्हणून निघून गेले.

सुधाकर क्लबात आला तो त्यानंतरच्या वर्षी. कन्नडच्या साखर कारखान्यात त्याचे वडील वेल्डर होते. तो तेवीस-चोवीस वर्षांचा, बारीक चणीचा, कमी बोलणारा, पण गाडीवर बसला की माझ्यासारखीच्याही लक्षात यायचं की हा वेगळा आहे. बाकीचे वळणात शिरताना गाडीशी झगडायचे, हा नुसता कलायचा. मामू त्याचं कधी कौतुक करत नसत, पण त्याच्या गाडीचा प्लग मात्र स्वतः काढून बघायचे. प्लगच्या टोकाचा रंग दुधाच्या चहासारखा असला की इंजिन खुशीत आहे. पांढरा पडला की ते तापतंय, कधीही जाम होईल. “जाम झालं की मागचं चाक आडतं,” ते त्याला सांगत. “दोन बोटं कायम क्लचवर. आवळून नाय. बायकोच्या हातावर ठिवल्यावानी.” सुधाकरचं लग्न झालेलं नव्हतं, तो लाजायचा. त्यांना मूलबाळ असतं तर एवढंच असतं, असं मला त्या दोघांना इंजिनावर वाकलेलं पाहून वाटायचं.

मग पुण्याच्या एका टीमचे मॅनेजर सराव बघायला येणार असल्याची बातमी आली. मद्रासच्या मोठ्या शर्यतीसाठी त्यांना आमच्याकडचा एक जण हवा होता. सुधाकर किंवा शहरातला आणखी एक जण, दोघांतला एक. सुधाकरच्या घरी, कन्नडला, हे जवळजवळ ठरल्यासारखंच झालं होतं. वडिलांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आदल्या गुरुवारी तो माझ्या दवाखान्यात आला. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसून राहिला.

“बाई, झोपेची गोळी द्या.”

“किती दिवस झोपला नाहीस?”

“तीन दिवस झाले. डोळा लागला की वळण येतं. आन् तिथं ब्रेकच नसतो.”

त्यानं हात पुढं केला तेव्हा बोटं कापत होती. मी त्याला म्हटलं, या वेळी राहू दे, पुढच्या वर्षी जा. तो नुसता हसला. पुढच्या वर्षी म्हणणारीला यातलं काही कळत नाही, असं ते हसणं होतं. मी त्याला दोन रात्रींपुरत्या सौम्य गोळ्या दिल्या. दारातून तो परत वळला.

“मामूंना सांगू नका.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले.

पाहुणे येणार म्हणून क्लबनं या वेळी शनिवारीच मांडव घातला होता आणि बाकीच्या वळणांवरही झेंडेवाले उभे केले होते. सकाळी सुधाकर मामूंपुढं उभा राहिला. अंगठा पट्ट्यात गेला. जेवलास का? जेवलो. झोपलास का?

सुधाकरनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या पेटीत कात्री शोधायला लागले.

“झोपलो, मामू,” तो म्हणाला.

मामू त्याच्या डोळ्यांकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग बाजूला झाले.

सरळ रस्त्यावरचे ते दिवे नसलेले खांब आमच्या शर्यतवाल्यांच्या कामाचे होते. वळणापासून मागं मोजत कितव्या खांबापाशी ब्रेक लावायचा ते प्रत्येकाचं ठरलेलं असे. चौथ्या वळणाच्या आधी सुधाकरचा तिसरा खांब. पहिल्या दोन फेऱ्या त्यानं तिसऱ्याला ब्रेक लावला. तिसऱ्या फेरीला तिसरा खांब मागं गेल्यावर. मी मामूंच्या शेजारीच उभी होते. ते पुटपुटत होते. चौथ्या फेरीला दुसरा खांब. गाडीचं मागचं चाक थरथरलं, तो सावरून निघाला. मांडवाकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळ हातात असलेल्यानं मोठ्यानं आकडा सांगितला. पुण्याचे पाहुणे खुर्चीतून उठून उभे राहिले.

“बगितलं?” मामू म्हणाले.

“काय?”

“त्याची नजर. वळणावर नाय ती. मांडवाकडं हाय.”

त्यांनी काळा झेंडा आणि सुधाकरचा नंबर लिहिलेली पाटी धरली. म्हणजे तू एकट्यानं बाहेर ये. सुधाकर आला, झेंड्यासमोरून गेला, थांबला नाही. दिसला नाही की न पाहिल्यासारखं केलं, कोण सांगणार. पुढच्या फेरीला तो दुसऱ्या खांबाच्याही पुढं येऊन वाकला.

मग मामूंनी लाल झेंडा उचलला. लाल म्हणजे सगळं बंद. सगळीकडचे झेंडे एकामागून एक लाल झाले आणि तो माळ एकदम इतका शांत झाला की टाकीतून गळणारं पाणी ऐकू यायला लागलं.

ललितशेठ धावत आले. त्यांच्यामागं निम्मा क्लब. मीही पेटी उचलली होती.

“काय झालं मामू? कोण पडलं?”

“कोनीच नाय पडलं.”

“मग?”

“म्हनूनच.”

ललितशेठनी मांडवाकडं हात केला. “अहो, पाहुणे बसलेत! काय सांगू मी त्यांना? वारा नाही, तेल सांडलेलं नाही, सगळ्या गाड्या ठीक आहेत!”

“सांगा, पटेलनं बंद केलं.”

तोवर सुधाकर गाडी टाकून चालत आला. हेल्मेट काढलेलं, चेहरा पांढराफटक. “माझ्यामुळं बंद केलं ना? सांगा ना सगळ्यांम्होरं!”

“व्हय. तुझ्यामुळं. तू आज परत उतरनार नाय.”

“मला काय झालंय? बाईंना विचारा! तपासू द्या बाईंना!”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामूही. मला एवढंच म्हणायचं होतं, की हा माणूस परवापर्यंत तीन दिवस झोपलेला नव्हता. पण मी शब्द दिला होता. पेशंटचं पेशंटपाशी ठेवायचं, हे शिकूनच मी डॉक्टर झाले होते. आणि खरं सांगायचं तर एवढ्या पुरुषांच्या रागाच्या मधोमध उभं राहायची मला भीतीही वाटली. मी सुधाकरची नाडी पाहिली. जोरात पळत होती, पण तिथं कोणाची पळत नव्हती!

“वरवर काही दिसत नाही,” मी म्हणाले.

सुधाकर मामूंकडं वळला. “अन्वरचाचांना झोपवलंत. आता मला बसवा घरी. दुसरं काय येतं तुमाला?”

मामूंनी मान खाली घातली नाही की वरही केली नाही. लाल झेंडा त्यांच्या हातात होता, त्याची त्यांनी काठीभोवती गुंडाळी केली, नाडी बांधली, आणि ललितशेठच्या हातात दिला.

“तो गेला की मंग चालू करा,” ते म्हणाले.

पाहुण्यांनी दुसऱ्याला निवडलं. तो मद्रासला गेला, मधल्याच कुठल्या तरी नंबरावर आला, धडधाकट परत आला. पुढच्या महिन्यात सरावाचा झेंडा क्लबनं दुसऱ्याकडं दिला. आणि मला हे लिहिताना आजही अवघड वाटतं, पण त्या सबंध हंगामात कोणीही पडलं नाही. साधं खरचटलंही नाही कोणाला. सुधाकरनं तर त्यानंतर शर्यत सोडलीच. त्या दिवशी तो पडला असता की नाही, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. मामूंच्या बाजूनं दाखवायला काही उरलं नव्हतं. ना मोडलेलं हाड, ना मोडलेली गाडी.

पुढच्या शुक्रवारी मी अन्वरच्या घरी गेले. मामू त्याची नखं कापत होते. मी तिथंच, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून त्यांना सगळं सांगून टाकलं. गुरुवार, गोळ्या, कापणारी बोटं.

ते नखं कापत राहिले. एका हाताची संपल्यावर म्हणाले, “बरं केलं, नाय सांगितलं. त्यानं तुमच्यावर इस्वास टाकला व्हता.”

“पण लोक तुम्हाला...”

“लोकांचं काय.”

“मामू, तुम्हाला खात्री होती? की तो पडेल?”

“खात्री?” त्यांनी अन्वरचा दुसरा हात आपल्या मांडीवर घेतला. “खात्री तो पडल्यावर झाली असती. त्याच्या आधी नुसतं वाटतं. मी चुकलोबी असंन, डॉक्टरबाई. पर अन्वरच्या टायमाला मला वाटलंबी नव्हतं.”

नंतरचे तीन-चार महिने ते सरावाच्या शनिवारी वाळूजला यायचे, पण दोराच्या आत यायचे नाहीत. लांब, मोकळ्या प्लॉटमधल्या एका नंबरच्या दगडावर बसायचे, डोक्यावर टॉवेल घेऊन. मी एकदा चहा घेऊन निघाले होते, पण मधे रस्ता होता आणि गाड्या धावत होत्या. तो थंड होईपर्यंत मी हातात धरून उभी राहिले. नंतर ते येईनासे झाले. मग कारखाने आले, रस्त्यांवर ट्रक आणि कामगारांच्या बस धावायला लागल्या, खांबांवर दिवे लागले, क्लबचं सगळंच बंद पडलं. अन्वर एका पावसाळ्यात गेला. त्याला आंघोळ मामूंनीच घातली. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांनी शेडला कुलूप लावलं आणि देवगावला भावाकडं निघून गेले. मला भेटायला आले होते म्हणे, मी दवाखान्यात नव्हते.

पंधरा-सोळा वर्षांनी कन्नडला डोळ्यांचं शिबिर होतं, शहरातल्या डॉक्टरांबरोबर मदतीला मीही गेले होते. एसटी स्टँडसमोरच्या एका इमारतीत शिबिर भरलं होतं. खाली मोटारसायकलींचं दुकान, वरचा हॉल आम्हाला दिलेला. दुकान सुधाकरचं होतं. तो आता अंगानं भरला होता, चष्मा लागला होता, दोन मुली शाळेत जात होत्या. त्यानं मला वाकून नमस्कार केला. त्या दिवसाबद्दल आम्ही काही बोललो नाही.

दुपारी रांगेतून पटेल मामू पुढं आले. पुतण्याच्या सुनेनं एसटीत बसवून दिलं होतं, एकटेच आले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. कानही जड झाले होते. मी जवळ जाऊन मोठ्यानं नाव सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले.

“डॉक्टरबाई! आवाज तुमचाच. मला आता निस्त्या सावल्या दिसत्यात.”

पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला यायचं, असं मी त्यांच्या कानाशी दोनदा सांगितलं, चिठ्ठी खिशात ठेवली आणि हाताला धरून जिना उतरवून त्यांना स्टँडवर देवगावच्या गाडीत खिडकीशी बसवलं. परत आले तर सुधाकर दुकानाच्या दारात उभा होता.

“ते मामू व्हते ना?”

“हो.”

त्यानं एसटीकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “बाई, त्या दिवशी मला काळा झेंडा खरंच दिसला नव्हता. काहीच दिसत नव्हतं मला. वळणसुद्धा नाय. मी नुसता अंदाजानं वाकत व्हतो.”

“हे त्यांना सांगितलंस कधी?”

“नाय.”

“गाडी अजून सुटली नाही,” मी म्हणाले.

त्यानं रस्ता ओलांडला. एसटीचं इंजिन सुरू झालं होतं. खिडकीपाशी जाऊन, टाचा उंचावून तो बोलायला लागला. मला इथून शब्द ऐकू येत नव्हते, फक्त त्याचे हात दिसत होते, आणि मामूंचा कानामागं धरलेला पंजा. ते ऐकत होते, की ऐकू येत नाही म्हणून तसे बसले होते, कळत नव्हतं. एकदा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, चाचपत त्याच्या डोक्यावर ठेवला. कंडक्टरनं घंटी दिली. सुधाकर गाडीबरोबर चार पावलं चालला, मग थांबला.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. तो पायरीवरच बसला.

“सांगितलंस?”

“सगळं सांगितलं.”

“मग काय म्हणाले?”

“डोक्यावर हात ठिवला,” सुधाकर म्हणाला, “आन् म्हनले, ‘कोनाचा रं तू?’”

गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडून देवगावच्या रस्त्याला लागली होती. मामू खिडकीशी ताठ बसले होते, तोंड समोर.